उरांटिया ग्रंथ विज्ञानाच्या पुढे होता?

खगोलवेडा: कालची 'उरांटिया ग्रंथ विज्ञानाच्या पुढे' ही पोस्ट वाचून राहवलं नाही. म्हणे, 1955 साली शिकागोत छापलेल्या, दिव्य शक्तींनी सांगितला असं मानल्या जाणाऱ्या उरांटिया ग्रंथाने खंड सरकतात हे शास्त्रज्ञांच्या आधी सांगितलं. अहो, जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरने ते 1912 मध्येच मांडलं होतं! आणि चुका का लपवता? ग्रंथ म्हणतो, देवयानी दीर्घिकेचा प्रकाश जवळजवळ दहा लाख वर्षांपूर्वी निघालेला. हा मजकूर तयार झाला त्या 1930 च्या दशकातल्या खगोलशास्त्राचा अंदाज तोच होता. आजचा आकडा 25 लाख. बुधाची एकच बाजू कायम सूर्याकडे, हेही त्या काळचंच मत. 1965 मध्ये रडारने ते खोडलं. दिव्य ज्ञानात नेमक्या समकालीन चुका कशा येतात?

साधिका: पूर्ण वाचलात का? आपलं विश्वशास्त्र ईश्वरप्रेरित नाही, ते पुढे सुधारावं लागेल, हे ग्रंथ स्वतःच सांगतो. आणि तुमचे विद्वान? आधी शेती, मग देवळं, असं शिकवत होते. तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेच्या प्राचीन दगडी वास्तूंनी त्यालाही धक्का दिलाच ना? माझी आई गेली तेव्हा मला याच पानांनी सावरलं. बुध कसा फिरतो याने त्यात काय फरक पडतो?

खणकर: गोबेक्ली टेपेला यात ओढू नका. 1995 पासून लोकांनी तिथे माती उपसली, म्हणून साडेअकरा हजार वर्षांपूर्वीचे खांब कळले. ग्रंथात त्याचा उल्लेखही नाही. त्यातली एदेन बाग भूमध्य समुद्रात बुडालेली, म्हणजे तपासायची सोयच नाही! मी उत्खननावर उन्हात चाळणी धरून बसतो आणि नंतर कुणीतरी येऊन सांगतं, 'आमच्याकडे हे होतंच.' संताप येतो.

निळाई: बुध राहू द्या. माणसांचे सहा रंगवंश आणि त्यांतले तीन वरचढ, याचं काय? 'निकृष्ट' लोकांची संतती रोखा, असंही त्यात आहे. माझ्या रंगावरून मी लहानपणापासून ऐकत आलेय. तेच अपौरुषेय म्हणून वाचू?

साधिका: संदर्भ सोडून बोलताय. तिथे आध्यात्मिक समतेबद्दलही आहे.

निळाई: आत्मा समान आणि रक्त कमी दर्जाचं? कुठल्या संदर्भात हे चालतं? माणसामाणसांतले बहुतेक जनुकीय फरक एकेका समूहाच्या आतच असतात, हे 1972 पासून माहीत आहे.

साधिका: ठीक आहे. तो भाग मलाही पटत नाही, कधीच पटला नव्हता. म्हणून सगळा ग्रंथ टाकून देणार नाही.

खगोलवेडा: टाकू नका. पण कुठलं वरून आलं आणि कुठलं 1930 च्या दशकातलं, हे ठरवणार कोण?

साधिका: माझ्यापुरतं मी ठरवेन. तुमची परवानगी लागत नाही.

निळाई: मग 'विज्ञानाच्या पुढे' हे शीर्षक तरी काढायला सांगा त्या पोस्टवाल्याला.