मदत हवी आहे: ज्यूमो बाहुलीचं इलॅस्टिक गेलंय, आणि पुढे कोकणातला पावसाळा

नमस्कार मंडळी,

मी पॅरिसला लागून असलेल्या मोंत्रयमध्ये राहते. एमिल ज्यूमोचा बाहुल्यांचा कारखाना याच गावातला. त्यामुळे इथल्या जुन्या बाजारात एका बाहुलीच्या डोक्यामागे, केसांखाली ‘तेत ज्यूमो’चा (म्हणजे ‘ज्यूमो डोकं’) लाल शिक्का दिसला तेव्हा मला राहवलं नाही. साधारण वीस इंचांची आहे. ओठ मिटलेले, कान टोचलेले, केसांच्या टोपाखालची कॉर्कची चकती शाबूत. खिडकीपाशी धरली की काचेच्या निळ्या बुबुळातल्या बारीक रेघासुद्धा दिसतात. डोक्यात टॉर्च धरून पाहिलं, कुठेही केसाएवढी चीर नाही.

चेहरा बिस्कचा, म्हणजे ग्लेझ न चढवलेल्या पोर्सेलिनचा. रंग भट्टीत पक्का झालेला, त्यामुळे त्याची धास्ती नाही. धास्ती आहे ती धडाची. ते कागदाच्या लगद्याचं, वरून रंग आणि वार्निश. विकणाऱ्याने ‘ओल्या फडक्याने पुसून घ्या’ म्हणून सांगितलं. आधी तळपायावर ओला कापूस जरासा फिरवून बघितला, तर कापूस गुलाबी! तिथेच हात आवरला.

आता अडचण अशी. 1878 च्या पॅरिस प्रदर्शनात सुवर्णपदक मिळालं, त्यानंतरच्या पुष्कळ ज्यूमो धडांवर पाठीला त्या पदकाचा निळा शिक्का असतो. माझ्या बाहुलीच्या पाठीवर तो नाही, आणि पाठीचा गुलाबी रंग मांड्यांपेक्षा गडद वाटतो. नंतर कुणी रंगवलं असेल का? की 1899 मध्ये ज्यूमो इतर कारखानदारांबरोबर एस.एफ.बी.जे. या फ्रेंच बाहुली-कारखानदारांच्या एकत्रित कंपनीत गेल्यानंतरचं धड या डोक्याला जोडलंय? रंगाला धक्का न लावता हे कसं ओळखायचं?

दुसरं म्हणजे डोकं आणि हातपाय धडाला जोडून धरणारं आतलं इलॅस्टिक पार सैल झालंय, मान एका बाजूला कलते. नवं ओवताना किती ताण द्यावा? जास्त ओढलं तर मानेच्या खोबणीवर आपटून बिस्कचा टवका उडेल, ही भीती आहे. तोवर डोकं वेगळं काढून, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवलंय.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: जूनमध्ये मी कायमची रत्नागिरीला परततेय. तिथल्या दमट हवेत लगदा फुगेल, रंगाचे पोपडे सुटतील. सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) किंवा जुनी रंगीत लाकडी खेळणी घरात सांभाळणारं इथे कुणी आहे का? पावसाळ्यात तुम्ही ती बंद पेटीत ठेवता की हवेशीर कपाटात? सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर हवा फार कोरडी होऊन रंग तडकतो का? स्वतः करून पाहिलेलं असेल तर जरूर सांगा, फोटो लगेच टाकते.