बंद पडलेल्या फॅनमधून माघारी येणारी हवा : सर्व्हरला झडप हवी की नको?

दुधनाकाठ (परभणी)

उन्हाळा लागला की दुरुस्तीला येणारे सर्व्हर वाढतात. त्यातल्या बऱ्याच मशिनींत फॅनमागची झडप (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी) कुणीतरी काढून टाकलेली असते. विचारलं की उत्तर ठरलेलं : "हवा अडत होती, म्हणून काढली." माझं मत याच्या अगदी विरुद्ध आहे. जिथे एकाहून जास्त फॅन शेजारी-शेजारी बसवलेत, तिथे हवा माघारी फिरू नये याची सोय असलीच पाहिजे. नसेल, तर जादा फॅन बसवून उपयोग नाही.

कारण सांगतो. २यू, म्हणजे रॅकच्या (सर्व्हर ठेवायच्या कपाटाच्या) दोन खणांएवढ्या उंच सर्व्हरमध्ये मधोमध फॅनची रांग असते. समोरून डिस्कवरून हवा ओढायची आणि प्रोसेसर, रॅमवरून मागे ढकलायची. म्हणजे फॅनच्या अलीकडे दाब कमी, पलीकडे जास्त. सगळे फिरताहेत तोवर काही अडचण नाही. एक थांबला की त्याचं भोक हवेसाठी सगळ्यात सोपा रस्ता होतो. शेजारच्या फॅननी ढकललेली हवा हीट सिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या) दाट पात्यांतून मागे जाण्याऐवजी त्या भोकातून पुढे येते, आणि तेच फॅन ती पुन्हा ओढतात. तीच हवा आतल्या आत गोल फिरत राहते, तापत राहते. बंद फॅनची पाती तर उलटी फिरायला लागतात.

यावर मदरबोर्ड काय करतो? उरलेल्या फॅनचा वेग वाढवतो. पण दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे माघारी येणाऱ्या हवेचा जोरही वाढतो. आणि वीज वाढते घनाने. वेग २० टक्के वाढला की फॅनला जवळपास ७३ टक्के जास्त वीज लागते. एवढं करून त्यातली बरीच हवा भोकातून परत.

एकाच पाइपलाइनवर दोन मोटारी जोडणाऱ्या आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. एनआरव्ही (पाणी माघारी येऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसला तर चालू मोटारीचं पाणी बंद मोटारीतून परत विहिरीत जातं. विहिरीवर जे कळतं ते सर्व्हरवर का कळू नये?

वाळूजकर

दादा, हवा माघारी फिरते हे शंभर टक्के मान्य. पण उपाय म्हणून झडप मला पटत नाही, आणि मोटारीचा दाखला तर इथे लागूच होत नाही. मोटार पाणी कित्येक मीटर वर चढवते, त्यात एनआरव्हीचा तोटा किरकोळ. फॅनचा सगळा दाब पाण्याच्या उंचीत मोजला तर काही सेंटिमीटरच भरतो. त्यातून झडपेने घेतलेला वाटा जाणवतो. झडप उघडी ठेवायलाच हवेचा जोर खर्च होतो. फॅन कधीतरी एकदा बंद पडणार, पण तो तोटा तुम्ही वर्षभर, रात्रंदिवस भरत राहणार.

दुसरं म्हणजे जागा. फॅनमधून बाहेर पडणारी हवा सरळ जात नाही, पीळ घेऊन निघते. पात्यांना अगदी खेटून झडप लावली तर ती थरथरते, आवाज करते. फॅनच्या ओढणाऱ्या बाजूला लावली तर आत जाणारी हवा विस्कटते आणि आवाज आणखी वाढतो. हार्ड डिस्क असलेल्या सर्व्हरमध्ये हा आवाज आणि थरथर नुसता कानाला त्रास नाही, डिस्कचं लिहिणं-वाचणं मंदावतं.

माझा उपाय : एकामागे एक, उलट दिशेने फिरणारे दोन रोटर (पात्यांची चाकं) असलेले फॅन. १यू सर्व्हरमध्ये ४० मिमी चौकोनी आणि ५६ मिमी जाडीचे असे फॅन सर्रास असतात. मागचा रोटर पुढच्याचा पीळ सरळ करतो. एक रोटर बंद पडला तरी त्याच भोकात दुसरा हवा मागे ढकलत असतो, त्यामुळे माघारीचा रस्ता मोकळाच होत नाही. झडप नाही, बिजागरी नाही, अडकण्यासारखं काही नाही.

मांजराकाठची (लातूर)

सर, दोन रोटरचा फॅन चांगला, पण त्याला जाडी लागते आणि वीजही लागते. आमच्याकडे हॉस्पिटलचे सर्व्हर आहेत ते २यू, एका रोटरचे ८० मिमी फॅन असलेले. खाच ठरलेली, कनेक्टर ठरलेला. चेसिस (सर्व्हरचा सांगाडा) बदलायचा का?

आणि एक गोष्ट कुणी बोललं नाही. फॅन बंद पडल्यावर तो चालू मशीनमधून उपसून काढतात. त्या क्षणी भोक पूर्ण मोकळं होतं. बंद फॅनची पाती निदान थोडी आडवी तरी येत होती, आता तेही नाही. म्हणून काही चांगल्या चेसिसमध्ये फॅन काढताक्षणी स्प्रिंगने आपोआप बंद होणारं शटर देतात. पुण्यात दुसरा फॅन तासाभरात हातात येत असेल. लातूरला कुरिअरची वाट बघावी लागते, आणि तोवर रुग्णांचे रिपोर्ट त्याच मशीनवर चालू असतात. हा मधला काळ कुणी धरायचा? वर्षभर थोडी जास्त वीज गेली तरी चालेल, पण या मधल्या वेळेत मशीन बंद पडलेलं मला चालणार नाही.

शिवाय स्क्रीनवर दिसणाऱ्या आरपीएमवर (मिनिटाला किती फेरे त्या आकड्यावर) विसंबू नका. साध्या फॅनची टॅकोची तार किती फेरे झाले एवढंच सांगते, कुठल्या दिशेने ते सांगत नाही. मोटार गेलेली असली आणि आतल्या सेन्सरला वीज मिळत असली, तर हवेने उलट फिरणारा फॅनसुद्धा आकडा दाखवू शकतो. अलार्म वाजत नाही आणि प्रोसेसर मात्र तापत राहतो.

कुंडलिका (जालना)

आमचं जिनिंग आहे. ऑफिस कितीही बंद ठेवा, हंगामात रुईचे तंतू आत येतातच. झडपेच्या बिजागरीत तंतू गुंतले की ती अर्धवट उघडी राहते, मग ती असून नसून सारखीच. हे तरी परवडलं. पण फॅन चालू असताना झडप बंद अवस्थेत अडकली तर? फॅन फिरतोय, आरपीएम बरोबर दाखवतोय आणि हवा पुढे जातच नाही. अलार्म नाही, काही नाही. ताई, तुम्ही उलट्या फॅनचं भय सांगितलंत, हे त्याहून वाईट आहे. आमच्या ठिकाणी मी झडप लावू देणार नाही. दोन फॅन कपाटात तयार ठेवीन.

दुधनाकाठ (परभणी)

@कुंडलिका, तुमचा मुद्दा सगळ्यात वजनदार आहे. जिनिंगच्या ऑफिसात झडपेचा आग्रह मी धरणार नाही. पण रुई फक्त झडपेत अडकते असं नाही, हीट सिंकच्या पात्यांतही तिचा नमदा होतो. तिथे पहिली गरज समोर जाळीची आणि दर आठवड्याला ती झटकण्याची आहे.

@वाळूजकर, थरथरीचं म्हणताय ते एकच मोठी पट्टी असलेल्या झडपेचं खरं. अरुंद पट्ट्यांची झडप घ्या. तिला उघडायला खोली कमी लागते, प्रत्येक पट्टी हलकी, आणि एक अडकली तरी बाकीच्या चालतात.

आणि ज्याला झडप नको त्याने निदान फटी तरी बुजवा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतंय आणि त्याबद्दल कुणीच बोलत नाही. मूळ फॅन ३८ मिमी जाडीचा असतो, तो गेला की बाजारातला २५ मिमीचा आणून बसवतात. मग मागे-पुढे फट, फ्रेमच्या कडेने फट, कोपऱ्यात तर बोट जाईल एवढी. फॅन चालू असतानाच पलीकडची हवा कडेने अलीकडे येते. शिवाय त्या बारक्या फॅनचा दाब मुळातच कमी, त्यामुळे शेजारचे दणकट फॅन त्याच्यावर मात करतात. फ्रेमभोवती फोमची पट्टी, त्याच जाडीचा आणि त्याच दाबाचा फॅन, आणि वरचं प्लॅस्टिकचं डक्ट परत जागेवर. एवढं केलं तरी अर्धं काम झालं. ते डक्ट काढून टाकणाऱ्यांचा मला खरंच राग येतो. हवा प्रोसेसरवरूनच जावी म्हणून ते दिलेलं असतं.

आसनाकाठ (नांदेड)

तुमी सगळे सर्व्हरच्या आतलं बोलूलालात, बाहेरचं कोण बघायचं? मी जिथं जिथं रॅक उघडतो तिथं रिकाम्या खणांना डमी पट्ट्याच (मोकळा खण समोरून झाकणाऱ्या) नसतात. सर्व्हरच्या मागून निघालेली गरम हवा त्या मोकळ्या खणातून पुन्हा समोर यायली. आत सोन्याची झडप लावली तरी फॅन गरमच हवा ओढणार. अ‍ॅशरे या वातानुकूलन इंजिनिअरांच्या संस्थेची शिफारस समोरून आत जाणाऱ्या हवेला १८ ते २७ अंशांची आहे, आणि बऱ्याच सर्व्हरची वरची मर्यादा ३५. मे महिन्यात नांदेडात बाहेर ४२-४३. लाईट गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो, एसी बंद पडतो. तेव्हा खोली किती वेळात तापते ते बगा. पहिले डमी पट्ट्या, मग झडप.

वाळूजकर

आसनाकाठ, रॅकचं बरोबरच आहे. पण दोन्ही कामं वेगळी आहेत, एकाने दुसरं टळत नाही.

बोलण्यापेक्षा तपासून बघा. चालू सर्व्हरवर नेहमीचं काम असताना प्रोसेसरचं आणि समोरच्या हवेचं तापमान लिहून घ्या. एक फॅन बंद करा आणि त्याच्या समोर पातळ पॉलिथिनची पट्टी धरा. ती फॅनकडे ओढली जाते की तुमच्याकडे उडते ते दिसेल. आकडे स्थिरावले की तेच भोक पुठ्ठ्याने पूर्ण झाकून पुन्हा आकडे घ्या. पुठ्ठ्याने तापमान चांगलंच उतरलं तर तुमच्या चेसिसला झडप पाहिजे, मी हरकत घेणार नाही. एखाद-दुसऱ्या अंशाचाच फरक पडला तर बिजागऱ्यांची कटकट कशाला? आठ फॅनच्या रांगेतला एक गेला तर बऱ्याचदा निभावतं. तीनातला एक गेला तर निभावत नाही. फॅन मोजल्याशिवाय सरसकट "पाहिजेच" म्हणणं मला मान्य नाही.

मांजराकाठची (लातूर)

आमच्याकडे तीनच आहेत, सर.

कयाधू (हिंगोली)

मधेच विचारतो. जागा नाही म्हणून आमचा सर्व्हर भिंतीवर उभा टांगलाय, समोरची बाजू खाली. त्यात पट्ट्यांची झडप आहे. ती काम करत असेल का?

दुधनाकाठ (परभणी)

ती झडप स्वतःच्या वजनाने पडणारी असेल तर नाही. वरच्या कडेला बिजागरी असलेली पट्टी फॅन थांबला की खाली लोंबून भोक झाकते, पण सर्व्हर आडवा असतानाच. तुमच्या मांडणीत हवा खालून वर जाते, त्यामुळे पट्ट्या आता वरच्या दिशेने उघडतात. चालू असताना सरळ उभ्या राहिल्या तर फॅन थांबल्यावर पडायचं कारणच उरत नाही, थोड्या कललेल्या राहिल्या तरच पडतील. माघारी येणारी हवा त्यांना ढकलून मिटवेल अशी आशा ठेवण्यापेक्षा स्प्रिंगची झडप बघा. स्प्रिंग हलकी घ्या, कडक असली तर वाळूजकरांनी सांगितलेला तोटा वाढेल. आणि वाळूजकरांनी वर सांगितलेला प्रयोग सर्व्हर टांगलेल्या स्थितीतच करा, टेबलावर नको. खाली तोंड असल्यामुळे फरशीची धूळ सरळ आत ओढली जाईल, तेव्हा जाळी आधी लावा.