ब्रेक दाबला की दिवा विझतो: बोटीच्या ट्रेलरचं वायरिंग

प्रेषक: ईगनकर
विषय: ट्रेलरचा डावा दिवा, मदत हवी

नमस्कार मंडळी,

विषय थोडा वेगळा आहे, पण मिनेसोटातल्या आपल्या मंडळाच्या या ईमेल यादीवर बोटवाले बरेच आहेत म्हणून इथेच विचारतो. मागच्या हिवाळ्यात सोळा फुटी अ‍ॅल्युमिनियमची फिशिंग बोट जुन्यात घेतली, ट्रेलरसकट. बोट ठणठणीत आहे. ट्रेलरचे दिवे मात्र तऱ्हेवाईक.

उजवीकडचं सगळं बरोबर चालतं. डावीकडे, हेडलाइट बंद ठेवून इंडिकेटर दिला तर दिवा कसाबसा मिणमिणतो, आणि त्याच तालावर उजवा टेल लाइटही हलकासा लुकलुकतो. हेडलाइट लावले की डावा टेल लाइट मंद पेटतो, आणि ब्रेक दाबला की उजळायच्या ऐवजी चक्क विझतो!

बल्ब नवा घातलाय. मल्टिमीटरने पाहिलं तर पिवळ्या वायरवर १२ व्होल्ट येतात, अर्थिंग तपासलं तर बीप वाजतो. म्हणजे वायरिंग ठीकच असायला हवं ना? प्लग चार पिनांचा चपटा आहे, गाडी पिकअप, तिचं सॉकेट कंपनीतूनच आलेलं. मंडळाच्या सहलीला बोट न्यायची आहे आणि असा ट्रेलर घेऊन हायवेवर जायची माझी हिंमत नाही.

ईगनकर

---

प्रेषक: रोचेस्टरकर

अरे, एलईडीचं अख्खं किट मिळतं, दोन दिवे, वायर, प्लग सगळं. जुनं उपटून फेक आणि नवं टाक. एका दुपारचं काम. शोधत बसण्यात अर्थ नाही.

---

प्रेषक: सहल समिती

बोटीच्या दिव्यांसाठी शुभेच्छा. बटाटेवड्यांची संख्या ज्यांनी कळवली नाही त्यांनी याच धाग्यात कळवू नये, वेगळा ईमेल करावा.

---

प्रेषक: डुलुथकर काका

ईगनकर, किट घेण्याआधी हे वाच. तू लक्षणं इतकी नीट लिहिली आहेस की निदान त्यातच आहे. डाव्या दिव्याचं अर्थिंग गेलंय. पूर्ण तुटलेलं नाही, गंजून अर्धवट राहिलंय.

चार वायरींचा हिशोब आधी. पांढरी म्हणजे अर्थ, करंटची परतीची वाट. तपकिरी म्हणजे टेल लाइट, कडेचे मार्कर (खुणेचे छोटे दिवे) आणि नंबरप्लेटचा दिवा. पिवळी डावीकडचा ब्रेक आणि इंडिकेटर, हिरवी उजवीकडचा. तुझ्या दिव्यात ११५७ नंबरचा बल्ब असणार. त्यात दोन फिलामेंट असतात, लहान तपकिरीवर आणि मोठी पिवळीवर, पण दोघींची परतीची वाट एकच: बल्बची टोपी, तिथून दिव्याची धातूची पट्टी, बोल्ट, आणि ट्रेलरची चासी.

आता मोरी तुंबल्यावर जे होतं तेच इथे होतंय. एकटा इंडिकेटर दिला की मोठ्या फिलामेंटमधून आलेल्या करंटला खाली जायला जागा नाही, म्हणून तो लहान फिलामेंटमधून उलटा तपकिरी वायरीत चढतो. ती वायर सगळ्या टेल लाइटांना जोडलेली, म्हणून उजवा लुकलुकतो. हेडलाइट लावून ब्रेक दाबलास की दोन्ही फिलामेंटना वरून १२ व्होल्ट मिळतात आणि खाली वाट बंद. दोन्ही टोकांना जवळजवळ सारखाच दाब, मग बल्ब पेटणार कशाने?

तुझ्या मीटरबद्दल. मीटर खोटं बोलत नाही, पण तू त्याला सोपा प्रश्न विचारलास. मीटर करंट जवळपास घेतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला पूर्ण १२ व्होल्ट दिसतात. बीपचंही तसंच, बऱ्याच मीटरांवर तो वीस-तीस ओहमपर्यंत वाजत राहतो. इकडे ब्रेकचा बल्ब दोन अ‍ॅम्पियरच्या वर खातो, म्हणजे पेटलेल्या अवस्थेत त्याचा स्वतःचा रोध सहा ओहमच्या आसपास. बोल्टवरच्या गंजाने तेवढेच ओहम धरले तरी निम्म्याहून जास्त व्होल्ट गंजातच संपतात.

मी पुण्यात गॅरेजमध्ये शिकायला होतो तेव्हा आमच्या वायरमनकडे मीटर नव्हताच. होल्डरमध्ये बल्ब, दोन लांब वायरी, एकीला चिमटा आणि दुसरीला दाभण. तो टेस्ट लॅम्प स्वतः करंट खातो, म्हणून तो बरोबर सांगतो. मीटरच वापरायचा असेल तर दिवा पेटलेला असताना एक टोक दिव्याच्या पट्टीला आणि दुसरं प्लगच्या पांढऱ्या पिनेला लाव. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग खराब.

पण त्याहून सोपं म्हणजे एक लांब वायर घे. एक टोक पांढरी वायर ट्रेलरच्या पुढच्या दांड्यावर (गाडीला जोडतो तो) जिथे बोल्टने कसली आहे तिथे, दुसरं डाव्या दिव्याच्या मागच्या बोल्टला. ब्रेक दाबायला कोणाला तरी बसव. दिवा लख्ख पेटला तर संपलं. दांड्याकडचा जोड चांगलाच असणार, कारण उजवा दिवा त्याच जोडावर चालतो.

आणि नवं किट त्याच गंजक्या बोल्टवर कसलंस तर नवे दिवेही असेच वागतील. रोचेस्टरकरांनी रागावू नये.

---

प्रेषक: रोचेस्टरकर

रागावलो नाही काका. पण किट स्वस्त आहे हे खरंच आहे.

---

प्रेषक: ईगनकर

काका, साष्टांग नमस्कार! वायर टेकवली आणि डावा दिवा उजव्यापेक्षाही जोरात पेटला. बायको गाडीतून विचारतेय की अजून किती वेळ ब्रेक दाबून बसू.

बोल्ट खोलला. वरून चकचकीत, आत पट्टी आणि चासीच्या मध्ये तपकिरी भुगा. पॉलिश पेपरने घासून तात्पुरता कसलाय. डावीकडचा पुढचा छोटा मार्कर मात्र अजून पेटत नाही. त्याची तपकिरी वायर मूळ वायरीला निळ्या प्लॅस्टिकच्या चिमट्याने जोडलेली दिसते. आता दोन प्रश्न: घासलेला बोल्ट पुरेल का? आणि तरीही एलईडी घ्यावेत का?

---

प्रेषक: एक्सेलसिअरकर ताई

काकांच्या आधी मीच बोलते, कारण मिनेटोंका तलावाच्या रॅम्पवर (बोट पाण्यात उतरवायचा उतार) माझा प्रत्येक उन्हाळा जातो.

एलईडी घे. रॅम्पपर्यंत ब्रेक मारत आलास की साधे बल्ब चांगलेच तापलेले असतात. तसेच थंड पाण्यात गेले की काच तडकते, नाहीतर आतली गरम हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. होल्डर कुजतो तो तिथूनच. सीलबंद एलईडीला हा त्रास जवळपास नाही, करंटही कमी लागतो. पण बल्ब ठेव की एलईडी लाव, पाण्यात जाण्याआधी लाइटचा प्लग काढायचाच. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना ड्रेन प्लग (बोटीतलं पाणी सोडायचं बूच) काढून ठेवायचा कायदा आहेच, तेव्हा दोन्ही एकत्र लक्षात ठेव: रॅम्पवर ड्रेन प्लग घालायचा आणि लाइटचा काढायचा, बाहेर आल्यावर उलट. मात्र पाच पिनांचा प्लग आणि सर्ज ब्रेक (ट्रेलर गाडीवर रेटला की आपोआप लागणारे ब्रेक) असलेल्यांनी जरा जपून. त्यातली निळी वायर रिव्हर्स घेताना ट्रेलरचे ब्रेक मोकळे ठेवते, प्लग काढून चढावर मागे ढकलू लागलात तर ट्रेलर अडून बसेल.

तो निळा चिमटा कापून टाक. तो वायरीचं कव्हर फोडून आत घुसतो आणि त्याच भोकातून पाणी शिरतं. तांब्याची वायर आतून हिरवी-काळी पडली असेल तर स्वच्छ तांबं दिसेपर्यंत मागे कापत जा.

---

प्रेषक: डुलुथकर काका

ताईंशी नव्वद टक्के सहमत. साधे बल्बही वर्षानुवर्षं टिकतात, फक्त निगा हवी. पण ती ठेवायचा कंटाळा असेल तर एलईडी बरे.

घासलेला बोल्ट हा हंगाम कसाबसा काढेल. इथल्या रस्त्यांवर हिवाळ्यात इतकं मीठ पडतं की पुढच्या वसंतात तू हाच ईमेल परत लिहिशील. म्हणून बोल्टवर विसंबूच नकोस. दांड्यापासून मागच्या दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र पांढरी वायर ओढ, मार्करनाही त्यातूनच फाटा दे. वायर कथील चढवलेल्या तांब्याची, बोटीसाठी मिळते ती. जोडांना आतून गोंद असलेली श्रिंक नळी (गरम केली की आकसणारी), गरम केल्यावर कडेला गोंद बाहेर आलेला दिसला पाहिजे. वायर चासीच्या भोकातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, म्हणजे वायर कडेवर घासू नये म्हणून कडं, बसव. प्लगच्या पिनांवर डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणारं) ग्रीस पातळ चोपड, थापू नकोस.

दिवे बदललेस तर नंबरप्लेटसाठी खाली पांढरी खिडकी असलेला दिवा डावीकडे लाव. दोन्ही दिवे सारखेच दिसतात, आणि रात्री प्लेट अंधारात दिसली की पोलीस थांबवतो. पुढचे मार्कर पिवळे, मागचे लाल, तेही बघून घे.

आणि काम झाल्यावर हेडलाइट, ब्रेक आणि इंडिकेटर तिन्ही एकदम लावून बघ. एकेक लावून सगळं ठीकच वाटतं.