सतरा वर्षांच्या आरोपीवर मोठ्यांसारखा खटला चालवावा का?

मालविका, रामबाग, इंदूर
सप्टेंबर २०२४ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आपल्या इंदूर खंडपीठाने चार वर्षांच्या मुलीवरील बलात्काराच्या प्रकरणात, अल्पवयीन आरोपींना आपला कायदा फार सौम्यपणे वागवतो, असं म्हटलं. तेव्हापासून ओळखीतले सगळे 'अल्पवयीनाचं वय अठरावरून सोळावर आणा' म्हणतायत. माझा विरोध आहे. २०१५च्या बाल न्याय कायद्यात सोय आहेच. किमान शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असलेल्या गुन्ह्यात १६ ते १८ वयाच्या मुलाचं बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यमापन करतं, म्हणजे गुन्हा करण्याची आणि त्याचे परिणाम समजण्याची त्याची कुवत तपासतं, आणि मोठ्यांसारखा खटला चालवण्यासाठी त्याला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. मेख त्या मूल्यमापनात आहे. मी वकिली करते. एका अहवालात मुलाच्या मनाविषयी एकच ओळ होती, 'बरं-वाईट समजतं.' एवढ्यावर पोराचं आयुष्य ठरवायचं?

श्रीधर काका
आणि ज्यांचं आयुष्य गेलं त्यांचं काय? मे २०२४ मध्ये पुण्यात पोर्शेच्या धडकेत गेलेली दोघं आपल्याच मध्य प्रदेशातली लेकरं. सतरा वर्षांच्या आरोपीला काही तासांत जामीन, वर ३०० शब्दांचा निबंध! पुढे मोठ्यांसारखा खटलाही मंडळाने नाकारला. दारू पिऊन गाडी चालवू नये, हे माझ्या नववीतल्या नातीलाही कळतं.

मालविका
काका, निबंधाचा मलाही संतापच आला. पण त्या प्रकरणातल्या सदोष मनुष्यवधाच्या आरोपाला सात वर्षांची किमान शिक्षाच नाही. अशा गुन्ह्यात हे मूल्यमापन लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं. २०२१ला संसदेनेही तेच कायम केलं. ती पळवाट बुजवायची मागणी करा, मी सही करते. वय सोळावर आणलंत तर मोबाईल चोरणारा पोरगाही मोठ्यांच्या तुरुंगात, सराईतांच्या शेजारी जाईल. मंडळात बालमानसशास्त्राचा व्यावसायिक नसेल तर तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल सांगतो. ते तरी आधी पाळू या.

नेहा, सुदामानगर
मी मुलांचं समुपदेशन करते, आणि मालविकाताई, तुमचं हे म्हणणं मला पटत नाही. आज समोर बसलेल्या मुलाचा बुद्ध्यांक मी सांगू शकते. त्या रात्री, चार मित्र चिथावत असताना, त्याला काय उमगत होतं हे सांगणारी चाचणी माझ्याकडे नाही. तज्ज्ञाची सही आली की अंदाजाला पुराव्याचं वजन येतं. म्हणून हे मूल्यमापनच रद्द करा. खटला मंडळासमोरच चालू द्या, गंभीर गुन्ह्यासाठी सुधारगृहातली तीन वर्षांची कमाल मुदत मात्र वाढवा.

श्रीधर काका
मुदत किती वाढवणार ते सांग, नेहा. सात वर्षं म्हणालीस तर मी तुझ्या बाजूने.