डीव्हीडी रायटर सीडी वाचतो, डीव्हीडी नाही: लेझर गेला की डिस्क?

रानपाखरू
डेस्कटॉपला जुना साटा (आतल्या साटा केबलने जोडलेला) डीव्हीडी रायटर आहे. ऑडिओ सीडी बिनतक्रार वाजतात. विकतच्या सिनेमांच्या डीव्हीडी कधी लागतात, कधी नाही. लग्नाच्या शूटिंगच्या बर्न केलेल्या डीव्हीडी-आर मात्र टाकल्या की दोन-तीनदा गरगरतात, टकटक आवाज येतो आणि ‘डिस्क टाका’ असा मेसेज. लेन्स घाण आहे, लेझर गेलाय की डिस्कच संपल्या? या डेटाची दुसरी कॉपी नाही.

तिरपा_किरण
सीडी वाचतोय म्हणजे केबल, मोटर आणि विंडोज यांच्यावर संशय नको. सीडीसाठी 780 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड लेझर लागतो, डीव्हीडीसाठी 650 चा लाल. भिंग बहुतेकदा एकच, पण डायोड (लेझरचा किरण देणारा भाग) वेगळे. लाल डायोड थकला की नेमकी हीच लक्षणं दिसतात. धुळीनेही तसंच होतं, कारण सीडीच्या ट्रॅकमध्ये 1.6 मायक्रॉन अंतर असतं, डीव्हीडीच्या फक्त 0.74. सीडी जेवढी घाण खपवून घेते तेवढी डीव्हीडी घेत नाही. फोकस सापडला नाही की ड्राइव्ह पुन्हा पहिल्यापासून शोधतो, टकटक बहुधा त्याचीच.

बर्न केलेल्याच आधी का अडल्या? विकतच्या डीव्हीडीवर साच्याने दाबलेले खरे खड्डे असतात. डीव्हीडी-आरवर खड्डे नसतात, सेंद्रिय डायच्या (रंगद्रव्याच्या) थरावर लेझरने उमटवलेल्या खुणा असतात. ऊन आणि उष्णतेने तो डाय खराब होतो आणि सिग्नल आणखी पडतो.

काही उघडण्याआधी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. यूएसबी ड्राइव्ह असेल तर हब नको, थेट मागच्या पोर्टला. फिरायला सुरुवात करताना तो 500 मिलिअँपच्या वर करंट ओढू शकतो, आणि तेवढा मिळाला नाही की चांगली डिस्कही ‘नाही’ म्हणते.

स्क्रूड्रायव्हर
दुसऱ्या ड्राइव्हवर चालली तर मग तुमचा साफ करून बघा. पीसी बंद करून वायर काढा. ट्रेखालच्या बारीक छिद्रात सरळ केलेली पेपरक्लिप घालून ट्रे बाहेर घ्या, पुढची पट्टी काढा, मग खालचे चार स्क्रू. कापसाच्या काडीला 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, तेही ओलसर होण्यापुरतंच. भिंग केसासारख्या तारांवर तरंगतं, दाबलं तर तारा वाकतात आणि ड्राइव्ह कायमचा जातो.

व्हिडिओत लेझरजवळचा बारीक पॉट (करंट कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवून पॉवर वाढवायला सांगतात, त्याच्या वाटेला जाऊ नका. थकलेला डायोड चार दिवस चालतो आणि मग जळतो. नवा ड्राइव्ह घेतलेला बरा.

तिरपा_किरण
डिस्क पुसताना मधून बाहेर सरळ रेघेत पुसा, गोल नाही. ट्रॅकला आडवा ओरखडा थोड्याच बाइट्सना लागतो, तेवढी चूक एरर करेक्शन, म्हणजे डिस्कवरच्या जादा डेटावरून चुका दुरुस्त करण्याची सोय, भरून काढतं. ट्रॅकच्या दिशेने गेलेला ओरखडा सलग डेटा खातो. वर कागदी लेबल चिकटवलं असेल तर सोलू नका.

वाचायला लागली की फाइली ओढत बसू नका, सरळ इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमध्ये हुबेहूब कॉपी, घ्या. लिनक्सवर डीडीरेस्क्यू (खराब डिस्कवरून डेटा काढायचा प्रोग्राम), सेक्टर म्हणजे डिस्कवरचा वाचायचा एक तुकडा 2048 बाइट्सचा, मॅपफाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) सकट. पहिल्या फेरीत अडलेले भाग सोडून पुढे जायचं, मग तीच इमेज आणि तीच मॅपफाइल दुसऱ्या ड्राइव्हवर चालवायची. एका ड्राइव्हने सोडलेलं दुसरा उचलतो, हा खरा फायदा. डीव्हीडीत 16 सेक्टरचा मिळून 32 केबीचा एक करेक्शन ब्लॉक असतो, म्हणून नुकसानही बहुधा तेवढ्याच तुकड्यांनी दिसेल. व्हिडिओत क्षणभर चौकोन उमटतील, बाकी चालेल.

रानपाखरू
दुसऱ्या ड्राइव्हवर लागली! पण डिस्कवर 4.7 जीबी छापलंय आणि इमेज 4.3 चीच आली. मधलं काही गेलं का?

स्क्रूड्रायव्हर
नाही हो. कंपनी जीबी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. काठोकाठ भरलेली डीव्हीडी-आरही तिथे 4.38 च दाखवते. काय गेलं ते मॅपफाइलमध्ये बघा, सगळ्या फेऱ्या संपल्यावर ज्या ओळींच्या शेवटी उणे चिन्ह उरतं तेवढेच भाग वाचता आले नाहीत.