मदत हवी आहे : टेलिहँडलरला मक्यासाठी केवढी बकेट घ्यावी?

मंडळी, विट्याजवळ आमचं पोल्ट्री खाद्याचं युनिट आहे. सुट्टा मका उचलायला जुना 3 टनी टेलिहँडलर (पुढे लांबणाऱ्या हाताचं लोडर यंत्र) घेतोय. सोबतची बकेट दातांची, मातीकामाची. ती गोडाऊनचा कोबाच उकरेल. धान्यासाठी सपाट पट्टीचीच हवी.

विकणारा 2.5 घनमीटरचा आग्रह धरतोय. मका घनमीटरला साधारण 720 किलो, म्हणजे 1.8 टन झाले, शिवाय बकेटचं वजन वेगळं. बूम (यंत्राचा हात) पुढे काढला की क्षमता झपाट्यानं घटते, आणि आमचा हॉपर (धान्य ओतायचं मोठं नरसाळं) उंच आहे. मला 2 घनमीटरच बरी वाटते. पण सोयाबीन पेंडही उचलायचीय, ती हलकी, तिथे मोठी परवडेल!

कुपवाड एमआयडीसीत कुणी बनवून घेतलीय का? पुढची पट्टी बोल्टची ठेवावी की वेल्डिंगची?