मुलांसोबत रानात जळण वेचलं आहे का? अनुभव सांगा

मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊन, डोंगरउतारावर हिंडून, विस्तव पेटवायचं लाकूड ज्यांनी वेचलं आहे त्यांच्यासाठी हा धागा. तंबू, गॅसच्या शेगड्या, दुकानातल्या पेटवणीच्या वड्या हे विषय इथे नकोत. वाळकी काटकी हातात धरून ‘ही पेटेल का?’ असा प्रश्न पोराला पडला, तर पुढे काय झालं, तेवढं लिहा. जागा, ऋतू, झाड यांची नावं जरूर द्या.

आम्ही कोथरूडचे. मुलगी ९ वर्षांची. मुळशीत तिच्या आत्याचं शेत आहे आणि वरच्या अंगाला त्यांचाच माळ. थंडीत तिथे जातो. झाडावरचं काही ओरबाडायचं नाही, हा नियम तिने स्वतःच घातला. आता तिला काटकी न मोडताही कळते: गालाला लावली की ओली गार लागते. मोडली तर वाळकी कट्कन तुटते, ओली वाकते आणि साल ओढत राहते. जमिनीवर पडलेल्या काटकीपेक्षा झुडपात अडकलेली बरी, कारण खालची मातीतला ओलावा धरते. हे तिने आपलं आपण शोधलं. शाळेत पाठ केलेल्या कुठल्याही उत्तरापेक्षा मला त्याचं अप्रूप जास्त आहे.

एक कळकळीची विनंती. वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाचे उतार इथून काडीसुद्धा उचलू नका, आणि तिथे काहीही पेटवू नका. राखीव वनात विस्तव करणं आणि लाकूड नेणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा आहे. उन्हाळ्यात आपल्या टेकड्यांवर वणवे लागतात ते आपण सगळेच बघतो. शिवाय तिथे पडलेलं लाकूड कुजून त्याच मातीत जायला हवं. जळण वेचायचं ते ओळखीच्यांच्या रानात, विचारून.

प्रतिसाद, सिंहगड रोडवरून

वेल्ह्याच्या पुढे एका वाडीत ओळखीच्या मावशी आहेत. दिवाळीनंतर मुलाला घेऊन जाते. तिकडे कारवीचं राज्य. कारवी कित्येक वर्षांनी एकदाच फुलते, आणि बी धरलं की डोंगरच्या डोंगर वाळतो. त्या काठ्यांचे कूड करतात, वर शेणमाती लिंपतात. मोडकं उरेल ते चुलीत.

मावशींनी त्याला मोळी बांधायला शिकवली. बुंधे एका बाजूला, शेंडे एका बाजूला, आणि दोन ठिकाणी आवळायची. चुंबळ ठेवून डोक्यावर दिली तेव्हा तो जागचा हलेना. “मान नको हलवू रं, पाय हलव,” मावशी म्हणाल्या. घरापर्यंत त्याने ती एकट्याने आणली. कारवी भसकन पेटते आणि तितक्याच लवकर बसते, तिच्या एकटीच्या जाळावर भाकऱ्या होत नाहीत. खाली निखारा धरणारं जड लाकूड लागतं, धावड्यासारखं. चुलीपाशी बसून तो हे बघत होता, आणि पुढच्या खेपेला रानात त्याने आपणहून दोन वेगळे ढीग लावले.

प्रतिसाद, औंध

आमचा अनुभव कुमाऊंचा. मुलीबरोबर डोंगरात चालत होतो, दिवसभर पावसाची झड. संध्याकाळी आमच्या वाटाड्याने चीडाच्या (तिकडचं पाइनचं झाड) एका जुन्या खुंटातून कुऱ्हाडीने ढलपी काढली. आतलं लाकूड मधाच्या रंगाचं, हाताला चिकट आणि टर्पेंटाइनचा घमघमाट. चीडाला जखम झाली की झाड तिथे राळ आणतं. झाड मेल्यावर बाहेरचं मऊ लाकूड कुजून जातं आणि राळ मुरलेला गाभा वर्षानुवर्षं टिकतो. राळ पाणी आत शिरू देत नाही, म्हणून भर पावसातही पेटतो. वाटाड्याने मुलीच्या हातात चाकू दिला, पातं कसं धरायचं ते दाखवलं आणि ढलपीवरून पातळ कुरळ्या खरवडायला लावल्या. एका काडीत जाळ झाला. धूर मात्र काळाकुट्ट, त्यामुळे थेट त्यावर काही भाजायचं नाही.

“बाबा, आपल्याकडे असं झाड का नाही?” असं तिने परतीच्या गाडीत विचारलं. चीड हिमालयातला, सह्याद्रीत तो आपसूक उगवत नाही. मग पुण्यात येऊन आम्ही राळेची झाडं शोधायला लागलो आणि वेताळ टेकडीवर सालई सापडली. तिच्या सालीतून डिंकासारखी राळ झरते, धुपात वापरतात ती. ते झाड आम्ही फक्त बघायला जातो, हात लावत नाही. पण कागदासारखे सुटणारे सालीचे पापुद्रे बघून आता ती सालई लांबूनच ओळखते.

प्रतिसाद, हडपसर

डोंगर कशाला, आमच्या बांधावर सगळं मिळतं. शिरूरकडे शेत आहे. पौषात हुरड्याची आगटी लावतो. खड्ड्यात आधी तुराट्या (तुरीच्या वाळक्या काड्या), वर गोवऱ्या. जाळ बसला की निखाऱ्यात कणसं खुपसायची. तुराट्या वेचणं आणि पेटवणं हे काम मुलाकडे. गोवरी वाळली का ते वाजवून बघतो, खणखणली तरच घेतो. पाण्याची कळशी शेजारी आल्याशिवाय काडी ओढायची नाही, हा घरचा दंडक.

प्रतिसाद, बिबवेवाडी

मी विज्ञान शिकवते. मुलाला चकमकीने विस्तव करायचा होता, म्हणून भोरकडे ओढ्यात गारगोट्या शोधत हिंडलो. आपल्या काळ्या कातळाच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी तयार होते आणि कातळ झिजला की ओढ्यात येते. दोन गारगोट्या अंधारात एकमेकींवर घासल्या तर आत उजेड दिसतो, पण त्याने काहीच पेट घेत नाही. जुन्या कानशीच्या तुकड्यावर गारगोटी मारली तेव्हा खऱ्या ठिणग्या उडाल्या. ठिणगी दगडाची नसते, लोखंडाचा खरवडलेला कण हवेत जळतो, हे त्याने स्वतः मारून मारून पटवून घेतलं. ठिणगी झेलायला काटेसावरीचा कापूस, बंद डब्यात तापवून काळा केलेला. कापसावर लाल ठिपका पसरायला लागला तेव्हा त्याच्यापेक्षा मीच मोठ्याने ओरडले.

धागाकर्ता

बिबवेवाडीच्या ताई, कापूस कधी गोळा करता? मुलगी आत्तापासून मागे लागली आहे.

प्रतिसाद, बिबवेवाडी

उन्हाळ्यात, बोंडं फुटली की झाडाखाली पडतो. सकाळी जा, दुपारच्या वाऱ्यात उडून जातो. बिया काढून झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळी हवा लागली तर ठिणगी धरणार नाही, मग पुन्हा उन्हात घालावा लागतो.